कोल्हापूरच्या वाटा, एमटीबीची चाके आणि ट्यूबलेसचा हिशेब

कोल्हापूर परिसरात नवी एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) घेतलेला माणूस पहिला पावसाळा काढला की एक प्रश्न हमखास विचारतो: चाके बदलून घेऊ, की आहेत त्याच चाकांवर ट्यूबलेस (ट्यूब न घालता टायरमध्येच हवा) करून घेऊ? माझे उत्तर ठरलेले असते. आधी टायर चांगले घ्यावेत, मग रिमची आतली रुंदी मोजावी, आणि हलक्या चाकांचा विचार सगळ्यांत शेवटी, खिशात पैसे उरले तर करावा. प्रत्यक्षात बहुतेक जण नेमके उलटे करतात, कारण दुकानात चाक उचलून पाहता येते आणि त्याचे वजन हाताला लगेच जाणवते. टायरची बाजू किती भक्कम आहे हे मात्र डोंगरात गेल्याशिवाय कळत नाही.

सायकलच्या दृष्टीने आपल्या जिल्ह्याचे दोन वेगळे मुलूख पडतात. पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला काळी माती, उसाचे फड आणि बांधावरच्या बाभळी आहेत. आळत्याच्या रामलिंगकडे किंवा कुंभोजच्या बाहुबली डोंगराकडे कच्च्या वाटेने जायचे म्हटले की टायरचा मुख्य वैरी काटा असतो. बाभळीचा वाळलेला काटा सहज दोन इंच लांब भरतो, आणि सराट्याची रचना तर अशी असते की तो जमिनीवर कसाही पडला तरी त्याचे एखादे टोक वर राहतेच. गळीत हंगाम सुरू झाला की बैलांच्या पत्रीतून निसटलेल्या खिळ्यांची त्यात भर पडते. पश्चिमेकडे वाघबीळच्या पुढे पन्हाळा, जोतिबा, गिरोली, मसाई पठार या भागांत काटे कमी नाहीत, करवंदीच्या जाळ्या आहेतच, पण तिथला खरा प्रश्न जांभ्याचा आहे. जांभा दिसायला भुसभुशीत वाटला तरी ऊन-पाऊस खाऊन त्याच्या कडा टणक होतात, आणि उतारावर वेगाने येणारे चाक अशा कडेवर आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिरडली जाते. अशा पंक्चरमध्ये ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात, त्यामुळे ट्यूब हातात घेताच कारण ओळखता येते.

म्हणजे पंक्चरची कारणे दोन असतात आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे असतात. ट्यूबलेसमध्ये चिरडायला ट्यूबच नसते, म्हणून दुसरे कारण बऱ्याच अंशी निकालात निघते. काट्याने पडलेले बारीक छिद्र आतले द्रव सीलंट बुजवते, म्हणून पहिलेही आटोक्यात येते. मात्र जांभ्याच्या कडेने टायरच्या बाजूला लांब चीर गेली तर सीलंट काहीही करू शकत नाही, तिथे टायरची वीणच मजबूत असावी लागते. हा फरक ध्यानात न घेता केवळ ट्यूबलेस केले की काम झाले असे समजणाऱ्यांची निराशा होते.

मोटारसायकलच्या अनुभवामुळेही एक गैरसमज पसरलेला आहे. मोटारसायकलचा ट्यूबलेस टायर जाड असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला हवा न सुटू देणाऱ्या रबराचा थर असतो, त्यामुळे खिळा घुसलेल्या अवस्थेतही ती गावापर्यंत येते आणि त्यात द्रव भरायची गरज नसते. सायकलच्या टायरला इतके रबर परवडत नाही. 1999 साली माविक या फ्रेंच कंपनीने मिशलँ आणि हचिन्सन यांच्यासोबत यूएसटी ही पद्धत आणली, तेव्हा टायरमध्ये असाच हवाबंद थर होता आणि टायर चांगलेच जड होत असत. पुढे सीलंटचा वापर वाढला तसे हवा अडवण्याचे काम सीलंटवर सोपवून टायर हलके करण्यात आले, आणि आज ज्यांना ट्यूबलेस रेडी म्हणतात ते हेच टायर. त्यांत सीलंट न घालता हवा भरली तर काहीही चूक नसताना रात्रीत हवा उतरते.

चाकाच्या व्यासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो फ्रेम घेतानाच ठरलेला असतो. टायरच्या बाजूवर 57-622 अशी जोडसंख्या असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. 622 म्हणजे 29 इंची, 584 म्हणजे साडेसत्तावीस आणि 559 म्हणजे जुने 26 इंची. इंचांच्या आकड्यांत गोंधळ होऊ शकतो, या संख्येत होत नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवताना तीच पाहावी. जांभ्याच्या पायऱ्यांवरून जायला 29 इंची चाक निर्विवाद सोयीचे असते. उंचीने लहान असलेल्या आणि लहान मापाची फ्रेम वापरणाऱ्या माणसाला साडेसत्तावीस अधिक हाताळता येते, एवढेच म्हणेन.

खरा विचार रिमच्या आतल्या रुंदीचा करायला हवा. बेताच्या किमतीच्या एमटीबींच्या रिम आतून बहुधा 19 ते 21 मिलिमीटर रुंद असतात. अशा अरुंद रिमवर 2.35 इंची टायर चढवला तर तो खाली चिंचोळा आणि वर फुगीर होतो, हवा कमी केली की वळणावर बाजूला कलंडतो, आणि ट्यूबलेस असेल तर त्या कलंडण्यातच टायरच्या कडेखालून, म्हणजे रिमला टेकणाऱ्या काठाखालून, फस्सकन हवा सुटते. ट्यूबलेसचा मुख्य लाभ कमी हवेत चालवता येणे हा असल्यामुळे अरुंद रिमवर तो लाभ अर्धाच मिळतो. 2.25 इंची टायरसाठी आतून सुमारे 25 मिलिमीटर, 2.35 ते 2.4 साठी 28 ते 30, आणि 2.6 साठी 30 ते 35 हे माप मला योग्य वाटते. रुंदी मोजताना टायर काढून एका भिंतीच्या आतल्या अंगापासून दुसऱ्या भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत मोजावे, बाहेरचे माप काही उपयोगाचे नाही.

रुंदीइतकाच रिमचा आतला आकारही महत्त्वाचा आहे. ट्यूबलेस रेडी रिममध्ये टायरची कड जिथे टेकते तिथे सपाट बैठक असते आणि तिच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो, जो कडेला घसरून मधल्या खोलगट भागात जाऊ देत नाही. साध्या रिममध्ये हा उंचवटा नसतो. साध्या रिमवर जाड टेपचे थर देऊन ट्यूबलेस करणारे लोक आहेत, काहींचे ते वर्षानुवर्षे टिकतेही. पण गिरोलीच्या उतारावर पुढच्या चाकाची कड सुटण्याची शक्यता गृहीत धरून सायकल चालवायची माझी तयारी नाही. रिम ट्यूबलेस रेडी नसेल तर चांगला टायर घ्यावा, ट्यूब ठेवावी आणि पैसे साठवावेत.

नवी चाके घ्यायची ठरलीच तर हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, मापे आधी तपासावीत, कारण चूक इथे झाली की चाक फ्रेममध्ये बसतच नाही. जुन्या आणि स्वस्त सायकलींना क्विक रिलीज (हाताच्या खटक्याने सुटणारा बारीक ॲक्सल, म्हणजे आस) असते. पुढचा हब 100 मिलिमीटर आणि मागचा 135. नंतर आरपार जाणारा जाड ॲक्सल आला, पुढे 15 बाय 100 आणि मागे 12 बाय 142. आता बहुतेक नव्या सायकली बूस्ट मापाच्या असतात, म्हणजे पुढे 110 आणि मागे 148. बूस्टमध्ये हबच्या दोन्ही कडा एकमेकींपासून थोड्या लांब गेल्याने स्पोक अधिक तिरपे लागतात आणि 29 इंची चाक बाजूने ताठ राहते. मागच्या हबवर गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) कोणत्या प्रकारच्या फ्रीहबवर (हबच्या उजव्या अंगाच्या खाचांच्या भागावर) बसते तेही पाहावे लागते: शिमानो या गिअर कंपनीची 11 गिअरपर्यंतची कॅसेट एचजी फ्रीहबवर बसते, तिचीच 12 गिअरची एमटीबी कॅसेट मायक्रो स्प्लाइन मागते आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या कॅसेटना एक्सडी लागतो. ब्रेकची डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटरलॉकची, हेही चाक मागवण्याआधी पाहून घ्यावे. आटे असलेले साधे फ्रीव्हील मागे असेल, तर तशा सायकलवर महागडी चाके चढवण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या रचनेत ॲक्सलला उजवीकडे आधार कमी मिळतो आणि खडकाळ वाटेवर तो वाकतो.

स्पोकबाबत माझे मत जुन्या वळणाचे आहे. 32 स्पोक, वाकलेल्या टोकाचे साधे स्पोक, पितळी निपल (स्पोक रिमला आवळणारी छोटी नट). असा स्पोक तुटला तर तो गावातल्या दुकानात मिळण्याची आशा असते. सरळ टोकाचे, खास लांबीचे स्पोक बाहेरून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी राहते. ज्या शहरात उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत इंजिनांचे भाग ओतले आणि घासले जातात, तिथे 30 मिलिमीटरची रिम मात्र बाहेरून मागवावी लागते, हा एक गमतीचा भाग आहे. ॲल्युमिनिअमचे निपल काही ग्रॅम वाचवतात, पण पावसाळ्याच्या ओलीत आणि सीलंट गळाले तर त्याने ते खंगतात आणि आऊट काढताना (चाकाचा वाकडेपणा सरळ करताना) चुरतात. स्पोक बहुधा एका धक्क्याने तुटत नाही. ताण असमान असला की सैल स्पोक प्रत्येक फेऱ्याला ताणला-सोडला जातो, हळूहळू थकतो आणि हबजवळच्या वाकणापाशी तुटतो. यंत्रावर बांधलेल्या नव्या चाकांत हा असमानपणा असतो, म्हणून काही दिवस चालवून झाल्यावर चाक जाणत्या कारागिराकडे नेऊन आऊट काढून घ्यावा. चांगला कारागीर चाक फिरवण्याआधी बोटाने एकेक स्पोक छेडून ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या स्पोकांचा आवाज साधारण एका पट्टीत आला पाहिजे; मध्येच एखादा बद्द वाजला तर तिथे निपल फिरवायची गरज आहे हे त्याला डोळे मिटूनही कळते. हे काम येणारी मंडळी शहराच्या जुन्या पेठांत अजून आहेत आणि त्यांचा दर माझ्या मते फारच कमी आहे.

हलक्या चाकांचा मुद्दा इथेच आटोपतो. फिरणारे वजन दुप्पट धरावे असे सांगितले जाते, ते वेग वाढवताना खरे असते. पण पन्हाळ्याच्या चढावर आपण एकसारख्या मंद गतीने चढत असतो, आणि तिथे चाकातले 200 ग्रॅम आणि पाण्याच्या बाटलीतले 200 ग्रॅम यांत काही फरक नसतो. माणूस, सायकल, पाणी मिळून 90 किलो भरत असतील, तर 200 ग्रॅम म्हणजे एक टक्क्याच्या पाव भागाहूनही कमी. कार्बनच्या रिम ताठ असतात आणि वजनालाही हलक्या, हे मान्य. परंतु ॲल्युमिनिअमची रिम जांभ्यावर आपटली तर पोचा येतो, तो थोडाफार सरळ करता येतो, आणि कार्बनला तडा गेला तर विषय संपतो. शर्यतीत उतरणाऱ्यांचे गणित वेगळे असेल.

आता टायर. पुढचा आणि मागचा टायर सारखाच असावा असा काही नियम नाही, किंबहुना दोन्ही सारखे नसावेतच. पुढच्या टायरने वळण आणि ब्रेक सांभाळायचे असतात, म्हणून तिथे रुंद, बाजूच्या गाठी ठळक असलेला आणि मऊ रबराचा टायर हवा. मागच्यावर आपले बरेचसे वजन असते, चिरा तिकडेच जास्त पडतात आणि गाठीही तिकडच्या लवकर झिजतात, म्हणून तिथे कमी खोल नक्षीचा पण भक्कम बाजूचा टायर घ्यावा. मॅक्सिस कंपनीच्या टायरमध्ये एक्सो ही बाजूच्या संरक्षणाची पातळी असते आणि तिच्या वर एक्सो प्लस. श्वाल्बे कंपनीच्या टायरमध्ये सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल अशी चढती श्रेणी आहे. या शब्दांशिवायचा, केवळ 120 टीपीआय (इंचाला 120 धागे) विणीचा हलका टायर डांबरावर आणि मातीवर मजेत पळतो, मसाई पठाराकडच्या खडकावर मात्र त्याची बाजू कागदासारखी चिरते. टायरवर टीआर, टीएलआर, टीएलई किंवा टीएनटी यांपैकी काही लिहिलेले आहे का ते पाहावे, ती ट्यूबलेसची खूण असते. तारेच्या कडेचा साधा टायर ट्यूबलेससाठी वापरू नये. आमच्या काळ्या मातीत पावसात कोणताही टायर चालत नाही, त्यामुळे त्यासाठी खास टायर शोधण्यात वेळ घालवू नये. फ्रेम आणि टायर यांच्यात चिखल अडकून चाक जाम होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पावसाळ्यात जांभ्याच्या मुलखाकडे वळावे हे उत्तम, तिथे पाणी निचरते. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा तिथे फुलांच्या दिवसांत मळलेली वाट सोडून चाक उतरवू नये, हेही ओघाने सांगतो.

बसवण्याच्या कामात निम्म्या अडचणी टेपमुळे येतात. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद असावी, म्हणजे ती दोन्ही बैठकांपर्यंत पोहोचते. आधी रिम स्पिरिटने पुसून कोरडी करावी. टेप व्हॉल्व्हच्या भोकाच्या विरुद्ध बाजूने सुरू करून ताणून लावावी, सुरुवात झाकेल असे बोटभर वर चढवावे, आणि मग कापडाने मधल्या खोलगट भागात दाबत न्यावे. स्पोकच्या एखाद्या भोकावर हवेचा बुडबुडा दिसला तर तो तसाच सोडू नये. हवा भरल्यावर सीलंट तिथूनच रिमच्या पोकळीत उतरते आणि टायर चांगला असूनही दररोज बसतो. व्हॉल्व्हचे भोक ब्लेडने न कापता तापवलेल्या खिळ्याने पाडावे, म्हणजे टेपला चीर पुढे जात नाही. टायर चढवताना कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत गेले तर शेवटची वीतभर बाजू हाताने चढते. लोखंडी लिव्हरने टेप फाटते.

त्यानंतर व्हॉल्व्हमधली सुई काढून टाकावी, कडांना साबणाचे पाणी लावावे आणि सीलंट न घालताच एकदा हवा भरून पाहावी. भरपूर हवा एकदम आत गेली पाहिजे, म्हणून कॉम्प्रेसर सोयीचा. पंपावर जायचे तर प्रेस्टा (सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हवर चढवायची छोटी पितळी टोपी सोबत न्यावी आणि सुई परत बसवावी लागते, शिवाय पंपावरच्या माणसाला टायरवर लिहिलेली मर्यादा आधीच सांगावी. रिमची मर्यादा आणि टायरची मर्यादा यांपैकी जी कमी तीच धरायची असते. कड बैठकीवर बसताना ठाक-ठाक असे मोठे आवाज होतात, पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. दोन्ही बाजूंना टायरवरची बारीक रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधूनच सीलंट घालावे, 29 बाय 2.35 च्या टायरला 100 ते 120 मिलिलिटर, कारण नवा टायर पहिल्या खेपेला बरेच पितो. पुन्हा हवा भरून चाक आडवे धरून हलवावे, दोन्ही बाजूंनी काही वेळ बादलीवर आडवे ठेवावे आणि लगेच एक फेरी मारून यावी. बाजूवर पांढरे थेंब डोकावले तर घाबरायचे कारण नाही.

हवेचा आकडा प्रत्येकाने स्वतः शोधायचा असतो, तरी सुरुवात कुठून करावी हे सांगता येते. 75 किलोच्या माणसाने 29 बाय 2.35 च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 22 आणि मागे 25 पौंड (पीएसआय) ठेवून पाहावे. ट्यूब असती तर याच वाटेवर 30 च्या आसपास ठेवावे लागले असते. मागची रिम दगडावर ठणकली तर दोन पौंड वाढवावेत, पुढचे चाक खड्यांवर उडू लागले तर एक-एक पौंडाने कमी करावेत. सायकल पंपावरचे काटे या पातळीला फारसे विश्वासाचे नसतात, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घेणे हा सगळ्यांत स्वस्त सुधार आहे.

आपल्याकडे मार्च ते मे हे महिने सीलंटला जड जातात. त्यातले पाणी उडून जाते आणि आत रबराचे गोळे व पापुद्रे राहतात. बाटलीवर सहा महिने लिहिले असले तरी उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी पाहणी करावी. व्हॉल्व्हची सुई काढून आत बारीक काडी बुडवली की पातळी कळते, आणि चाक कानाशी धरून हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली नाही तर भर घालायची वेळ झाली असे समजावे. ज्यांची सायकल आठवड्याला एकदा रंकाळ्याभोवती फिरते आणि एरवी जिन्याखाली उभी असते, त्यांनी या भानगडीत पडूच नये. उभ्या चाकात सीलंट तळाशी साचून वाळते आणि लाभ काहीच पदरात पडत नाही.

डोंगरात जाताना प्लगची दोरी (भोकात खुपसायची) आणि तिची सुई सोबत हवीच, कारण तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठे भोक सीलंटने भरोशाने बुजत नाही. त्याशिवाय एक ट्यूबही न्यावी. बाजूला चीर गेली तर आतून पॅकेटच्या जाड प्लास्टिकचा तुकडा लावून, ट्यूब टाकून घरी येता येते. पण ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढावे लागतात, कारण सीलंटने झाकलेले कितीतरी काटे आपल्या नकळत तिथे रुतलेले असतात आणि नव्या ट्यूबला ते पहिल्याच फेऱ्यात पंक्चर करतात. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह आधी काढल्याशिवाय ट्यूबचा व्हॉल्व्ह बसत नाही, म्हणून त्याची नट घरी पान्याने कधीच आवळू नये, बोटांनी आवळावी. पान्याने आवळलेली नट गिरोलीच्या रानात बोटांनी सुटत नाही.